झायमोग्राममधला पांढरा पट्टा नेमके काय सांगतो?

निळे_जेल

मी जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प तोंडाच्या कर्करोगातील मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या विकरांवर (एन्झाइमांवर), म्हणजे एमएमपींवर आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा एक तुकडा आणि त्याच रुग्णाच्या तोंडातला, गाठीपासून लांबचा व डोळ्यांना निरोगी दिसणारा दुसरा तुकडा, अशा सहा जोड्या मला रीतसर परवानगीने मिळाल्या. त्यांचे अर्क काढून मी जिलेटिन झायमोग्राफी केली, म्हणजे जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये प्रथिने विद्युतप्रवाहाने वजनाप्रमाणे वेगळी केली आणि जेल निळे रंगवले; विकराने जिलेटिन खाल्ले तिथे पांढरा पट्टा उमटतो. निळ्या जेलवर ७२ आणि ९२ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे एकक) या जागी, म्हणजे अनुक्रमे एमएमपी-२ आणि एमएमपी-९ चे, पांढरे पट्टे आले. ९२ चा पट्टा सहाही गाठींमध्ये ठळक आणि निरोगी तुकड्यांत पुसट आहे; ७२ चा मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे. शिवाय चार गाठींमध्ये ९२ च्या वर, १३० च्या आसपास, आणखी एक पट्टा आहे. त्याच्यापुढे माझ्या वहीत अजून प्रश्नचिन्हच आहे.

या निकालावरून मी प्रबंधात असे वाक्य लिहिले होते : "गाठीमध्ये एमएमपी-९ अधिक सक्रिय असून त्यामुळे कर्करोगाच्या पेशी भोवतालची ऊती भेदून पसरतात." मार्गदर्शक मॅडमनी "सक्रिय" आणि "त्यामुळे" या दोन शब्दांभोवती लाल वर्तुळे काढून पान परत केले आणि "विचार कर" एवढेच म्हणाल्या. विचार करून आठवडा झाला. विकराने जेलमधले जिलेटिन खाल्ले म्हणून पट्टा पांढरा झाला, मग ते सक्रिय नाही तर काय?

दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघाला. ही विकरे कोलॅजेनचे, म्हणजे ऊती बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचे, कुंपण तोडून पेशींना वाट करून देतात, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्यांना रोखणारी औषधे १९९० च्या दशकात तयारही झाली आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत ती सपशेल अपयशी ठरली, असे वाचले. कुंपण तोडणाऱ्याचे हात बांधल्यावरही चोर आत शिरतो, हे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोलॅजेन_काका

तुमच्या मॅडमनी वर्तुळे अगदी योग्य शब्दांभोवती काढली आहेत. मी फक्त पहिल्या शब्दाबद्दल लिहितो.

एमएमपींचा शोध कर्करोगातून लागलेला नाही. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना एका साध्या गोष्टीचे कुतूहल होते. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याची शेपटी नाहीशी होते, तर त्या शेपटीतले एवढे चिवट कोलॅजेन जाते कुठे? त्यांनी शेपटीचे जिवंत तुकडे कोलॅजेनच्या जेलवर ठेवले आणि तुकड्यांभोवतीचे जेल विरघळताना पाहिले. म्हणजे या कुळातले पहिले विकर सापडले ते शरीराची नेमून दिलेली, शिस्तबद्ध मोडतोड करताना. आपले शरीर ही विकरे मोकळी सोडत नाही, ती कुलूप लावूनच पेशीबाहेर पाठवते, हे समजून घेताना शेपटीची ही गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. शेपटी गेली पाहिजे, पण पाय राहिले पाहिजेत.

कुलपे दोन आहेत. पहिले कुलूप विकराच्या रेणूतच असते. एमएमपीच्या क्रियास्थळी जस्ताचा एक अणू तीन हिस्टिडिनांनी धरून ठेवलेला असतो आणि कोलॅजेनची साखळी तोडण्यासाठी लागणारा पाण्याचा रेणू त्या जस्तावर बसावा लागतो. विकर नवे असताना त्याच्या सुरुवातीच्या भागातील एका सिस्टिनचे गंधक नेमके त्याच जस्ताला चिकटलेले असते आणि पाण्याची जागा अडवते. व्हॅन वार्ट आणि बिर्केडाल-हॅन्सन यांनी १९९० मध्ये या रचनेला "सिस्टिन स्विच" हे नाव दिले. हा सुरुवातीचा भाग कापला गेला की विकर खुले होते आणि अर्थातच हलकेही होते. दुसरे कुलूप बाहेरचे आहे. टिम्प नावाची चार प्रथिने खुल्या झालेल्या विकराच्या क्रियास्थळी पाचर मारल्यासारखी बसतात.

आता तुमच्या जेलमध्ये काय घडले ते पाहा. नमुन्यात एसडीएस हे साबणासारखे द्रव्य होते. त्याने प्रथिनाची घडी उलगडली, आणि टिम्प विकराला चिकटलेले असेल तर विद्युतप्रवाहात ते वेगळे होऊन आपल्या वजनाप्रमाणे पुढे निघून गेले. दुसरे कुलूप निघाले. मग तुम्ही ट्रायटन या सौम्य साबणाच्या द्रावणात जेल धुतले, एसडीएस काढून टाकले आणि विकराला पुन्हा घडी घालू दिली. ही नवी घडी पहिल्यासारखी पडत नाही, सिस्टिनचे गंधक जस्तावर परत बसत नाही. पहिले कुलूपही निघाले, आणि तेही सुरुवातीचा भाग न कापताच. त्यानंतर कॅल्शियमच्या द्रावणात ३७ अंशांना रात्रभर ठेवलेल्या जेलमध्ये एरवी बंद असलेले विकरही जिलेटिन खाते.

एमएमपी-९ चे ९२ किलोडाल्टनचे रूप म्हणजे त्याचे कुलूपबंद पूर्वरूप. खुले रूप साधारण ८२ च्या आसपास दिसते. एमएमपी-२ चे ७२ हे पूर्वरूप आणि खुले रूप ६२ ते ६४ च्या दरम्यान. म्हणजे तुम्ही ज्या पट्ट्यावर बोट ठेवून "सक्रिय" म्हणालात, तो व्याख्येनेच रुग्णाच्या तोंडात बंद असलेल्या रूपाचा पट्टा आहे. त्या विकराला संधी मिळाली तर ते काय करू शकेल, एवढेच झायमोग्राम दाखवतो. त्याने गाठीत काय केले, हे जेलला माहीत नसते. तुमच्या जेलमध्ये ८२ आणि ६२ पाशी बारीक पट्टे आहेत का, हे लाइटबॉक्सवर जेल ठेवून पुन्हा पाहा. असतील तर "रूपांतर झालेले विकर आढळले" असे म्हणता येईल. तरीही टिम्प वेगळे झालेले असल्यामुळे "ऊतीत काम करत होते" असे म्हणता येणार नाही.

आता तुमचे प्रश्नचिन्ह. १३० च्या आसपासचा पट्टा हा बहुधा एमएमपी-९ आणि एनगाल या लहान प्रथिनाची जोडी असेल. ही जोडी डायसल्फाइड बंधाने जोडलेली असते आणि झायमोग्राफीच्या नमुन्यात आपण असे बंध तोडणारे मरकॅप्टोइथेनॉल घालत नाही, म्हणून ती जेलमध्येही सुटत नाही. माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये ही जोडी तयार भरून ठेवलेली असते. याचा अर्थ चार गाठींमध्ये तुम्ही मोजलेले एमएमपी-९ निदान काही अंशी कर्करोगाच्या पेशींचे नसून गाठीत गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींचे असण्याची दाट शक्यता आहे. तुकडे अर्क काढण्यापूर्वी थंड बफरमध्ये नीट धुतले होते का? रक्त राहिले असेल तर हा पट्टा तेवढ्यानेही येतो. हीच अडचण रक्ताच्या चाचण्यांत येते. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आपले एमएमपी-९ ओतून मोकळ्या होतात आणि सीरममधला आकडा फुगतो. म्हणून सीरमऐवजी प्लाझ्मा, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव, घ्यावा, असे सांगितले जाते.

मरकॅप्टोइथेनॉलवरून आठवले. मी पीएच.डी. करत असताना लागोपाठ पाच जेल सपाट निळी आली होती. पट्टा औषधालाही नव्हता. नमुना बदलला, जिलेटिनची बाटली बदलली, इन्क्युबेटरचे तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासले. सहाव्या वेळी नमुना-बफरच्या नळीचे झाकण उघडले आणि कुजक्या अंड्यासारखा तो ओळखीचा वास आला. कोणीतरी नेहमीच्या जेलसाठी केलेला, मरकॅप्टोइथेनॉल घातलेला बफर माझ्या रॅकमध्ये ठेवला होता. विकराचे डायसल्फाइड बंध तुटले होते, आता घडी कशी पडणार! तेव्हापासून माझी नळी मी नाकाने तपासतो. सुरक्षेच्या नियमांत हे बसत नाही, तेव्हा तुम्ही करू नका.

जाता जाता दोन सूचना. एक पट्टी कापून ती ईडीटीए किंवा फेनॅन्थ्रोलिन ही धातू पकडून ठेवणारी द्रव्ये घातलेल्या द्रावणात ठेवा. तिथे पट्टे उमटले नाहीत, तरच ते धातूवर चालणाऱ्या विकराचे आहेत असे तुम्हाला छातीठोकपणे लिहिता येईल. आणि पट्ट्याची जाडी मोजून "तिप्पट वाढ" वगैरे लिहिण्याआधी एकाच नमुन्याच्या चार-पाच वेगवेगळ्या मात्रा शेजारीशेजारी चालवून पाहा. जिलेटिन संपले की पट्टा आणखी पांढरा होऊ शकत नाही.

वाटसरू

काकांनी जेलबद्दल जे लिहिले, तीच चूक औषधांच्या बाबतीत शेकडो कोटी खर्चून कशी झाली, ते मी लिहितो. मी या क्षेत्रात रसायनशास्त्राच्या बाजूने आलो, त्यामुळे जीवशास्त्रातले बारकावे चुकल्यास दुरुस्त करावेत.

१९८० मध्ये लान्स लिओट्टा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरांच्या ज्या अर्बुदपेशी (कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी) अधिक पसरतात, त्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचे अधिक विघटन करतात. हे कोलॅजेन बेसमेंट मेम्ब्रेनचे, म्हणजे त्वचेच्या किंवा ग्रंथींच्या पेशींखाली अंथरलेल्या पातळ पटलाचे मुख्य द्रव्य आहे. अर्बुदपेशीला रक्तवाहिनीपर्यंत जायचे तर पहिला अडसर हाच. तर्क सरळ होता आणि रसायनशास्त्रज्ञांना तो फारच आवडला, कारण क्रियास्थळी जस्त असलेले विकर हे आमच्यासाठी सोपे लक्ष्य. कोलॅजेनच्या तुटणाऱ्या जागेसारखा दिसणारा छोटा रेणू घ्यायचा आणि त्याच्या टोकाला जस्ताला चिमटा लावणारा हायड्रोक्सामेट गट बसवायचा. ऑक्सफर्डच्या ब्रिटिश बायोटेकने असे बॅटिमास्टॅट बनवले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसे. त्यानंतर तोंडाने घेता येणारे मॅरिमास्टॅट आले. उंदरांमधले निकाल उत्तम होते.

माणसांमध्ये पहिली तक्रार आली ती खांदे आणि हाताचे सांधे आखडल्याची. औषध थांबवले की दुखणे कमी होई, पण त्यामुळे मात्रा वाढवता येईना. हायड्रोक्सामेटचा चिमटा कोणत्याही जस्ताला धरतो. माणसात वीसहून अधिक एमएमपी आहेत, आणि त्यांचे एडॅमसारखे चुलतभाऊ वेगळेच. कोणाला रोखल्यामुळे सांधे आखडतात, हेसुद्धा नीट ठरवता आले नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मॅरिमास्टॅट जेमसिटाबिन या प्रचलित केमोथेरपीच्या औषधापेक्षा सरस ठरले नाही. बायरचे टॅनोमास्टॅट सांध्यांना त्रास देत नव्हते, पण त्याची कहाणी अधिक वाईट झाली. स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे ३.७ महिने भरले, तर जेमसिटाबिन घेणाऱ्यांचे सुमारे ६.६ महिने. १९९९ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली.

असे का झाले याचा पंचनामा लिसा कूसेन्स, बार्बरा फिंगलटन आणि लिन मॅट्रिसियन यांनी २००२ मध्ये "सायन्स"मध्ये केला. त्यातला मला सर्वांत पटलेला मुद्दा वेळेचा आहे. उंदरांना औषध बहुतेकदा अर्बुद रोवल्यानंतर लगेच, पसरण्याच्या आधी दिले जात होते. रुग्णांना ते दिले गेले तेव्हा कर्करोग कधीच यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसलेला होता. चोर घरात शिरून जेवायला बसल्यावर कुंपणाच्या डागडुजीचा उपयोग काय?

पण वेळ हे एकच कारण नव्हते, आणि इथे तुमच्या मॅडमचे दुसरे वर्तुळ येते. "एमएमपी म्हणजे कुंपण तोडणारा" हे वर्णनच अपुरे आहे. एमएमपी कोलॅजेन आणि इतर प्रथिने तोडतात, तेव्हा त्यातून निघणारे काही तुकडे स्वतःच कामाचे असतात. प्लास्मिनोजेनचा तुकडा असलेले अँजिओस्टॅटिन आणि अठराव्या प्रकारच्या कोलॅजेनचा तुकडा असलेले एंडोस्टॅटिन हे दोन्ही नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत. एमएमपी-१२ सारखी विकरे अँजिओस्टॅटिन तयार करू शकतात, म्हणजे तेवढ्यापुरती ती रुग्णाच्या बाजूने असतात. २००३ मध्ये कार्लोस लोपेझ-ओतीन यांच्या गटाने एमएमपी-८ नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांतल्या नरांमध्ये त्वचेची अर्बुदे कमी होण्याऐवजी वाढली. सगळ्यांना सरसकट रोखणारे औषध देणे म्हणजे चोराबरोबर पहारेकऱ्यालाही कोंडण्यासारखे होते.

आता काकांच्या १३० च्या पट्ट्याकडे परत येतो. २००० मध्ये कूसेन्स आणि सहकाऱ्यांनी त्वचेचा कर्करोग होणाऱ्या उंदरांमधून एमएमपी-९ चे जनुक काढून टाकले. अर्बुदे कमी झाली. मग त्याच उंदरांना हे जनुक शाबूत असलेल्या उंदरांची अस्थिमज्जा दिली. अर्बुदे परत वाढली. कर्करोग ज्या पेशींत होतो त्या त्वचेच्या पेशींकडे हे विकर अजूनही नव्हते, ते आणले मज्जेतून आलेल्या पेशींनी. आणखी एक गोष्ट त्या निबंधात होती, जिच्याकडे औषध कंपन्यांनी अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते असे मला वाटते. एमएमपी-९ नसताना जी थोडी अर्बुदे झाली, ती अधिक आक्रमक दिसणारी होती.

पुढे केवळ एमएमपी-९ ला धरणारे अँडेकॅलिक्सिमॅब हे प्रतिपिंडही आले, म्हणजे सरसकटपणाचा आक्षेप दूर झाला. जठराच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत त्यानेही आयुर्मान वाढवले नाही. एमएमपी रोखण्यासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली ती एका जुन्या प्रतिजैविकालाच : डॉक्सिसायक्लिन, २० मिलिग्रॅम, जिवाणू मरणार नाहीत इतकी कमी मात्रा, १९९८ साली, हिरड्यांच्या विकारासाठी.

निळे_जेल

दोघांचेही मनापासून आभार. आज जेल पुन्हा लाइटबॉक्सवर ठेवले. ८२ पाशी दोन गाठींमध्ये अगदी फिकट रेघ आहे, ६२ पाशी पाच गाठींमध्ये स्पष्ट पट्टा आहे आणि निरोगी तुकड्यांत तो एकाच ठिकाणी आहे. म्हणजे मी ज्या ७२ ला "फरक नाही" म्हणून सोडून दिले होते, तिथेच फरक होता. मी फक्त वरचा पट्टा मोजला होता.

एक शंका मात्र वाढली. मी टिम्प-२ चेही ब्लॉट (प्रतिपिंडाने एखादे प्रथिन ओळखण्याची चाचणी) केले होते आणि ते गाठींमध्ये जास्त आहे. विकराला रोखणारे प्रथिन जास्त आणि विकराचे खुले रूपही जास्त, हे एकाच तुकड्यात कसे?

संशयात्मा

ही विसंगती वाटते, पण नाही. १९९४ मध्ये मोतोहारु सेइकी यांच्या गटाने एमटी१-एमएमपी शोधले. हे विकर द्रावणात फिरत नाही, पेशीच्या पटलात रोवलेले असते. एमएमपी-२ चे कुलूप उघडणारे मुख्य विकर हेच, आणि ते उघडताना त्याला टिम्प-२ ची मदत लागते. टिम्प-२ चे एक टोक पेशीवरच्या एका एमटी१-एमएमपीच्या क्रियास्थळी बसते. तेवढा रेणू बाद होतो. टिम्प-२ चे दुसरे टोक मोकळे राहते आणि ते एमएमपी-२ च्या पूर्वरूपाला शेपटाकडून धरून ठेवते. मग शेजारचा, टिम्प न बसलेला एमटी१-एमएमपी त्याचा सुरुवातीचा भाग कापतो. टिम्प-२ अजिबात नसेल तर धरायला कोणी नाही. फार असेल तर शेजाऱ्यालाही पाचर बसते आणि कापायला कोणी नाही. मध्यम प्रमाणात असेल, तेव्हा कुलूप सर्वांत चांगले उघडते. त्यामुळे तुमच्या ब्लॉटमध्ये टिम्प-२ "जास्त" आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. एमटी१-एमएमपीच्या तुलनेत किती, हे पाहावे लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या गटाने २००१ मध्ये उंदरांच्या मेलॅनोमा पेशींवर हाच धागा वरून पकडला होता. ऑस्टिओपॉन्टिन हे प्रथिन पेशींना मिळाले की त्या एनएफ-कप्पा-बी या मार्गाने एमटी१-एमएमपी वाढवतात आणि त्यातून एमएमपी-२ खुले होते. तो निबंध तुमच्या प्रकल्पाच्या फार जवळचा आहे, जरूर वाचा.

वाटसरूंच्या लेखनाशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. औषधे फसली म्हणून एमएमपींचे प्रसारातले महत्त्वच कमी झाले, असा सूर अलीकडे सर्रास ऐकू येतो. त्याला आधार दिला जातो तो २००३ च्या वुल्फ आणि फ्रीडल यांच्या प्रयोगाचा. त्यांनी कोलॅजेनमधल्या अर्बुदपेशींची प्रथिन कापणारी विकरे रोखली, तर पेशी थांबल्या नाहीत. त्यांनी आकार बदलला, अमीबासारख्या गोल आणि लवचीक झाल्या आणि जाळ्याच्या भोकांतून अंग चोरून पुढे सरकल्या. प्रयोग सुंदर आहे, चित्रफिती पाहण्यासारख्या आहेत. पण जाळे कोणते होते, हे विचारायला हवे. २००९ मध्ये स्टीफन वाइस यांच्या गटाने नेमके तेच विचारले. पेप्सिन वापरून काढलेल्या कोलॅजेनच्या टोकांचे भाग गेलेले असतात, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जात नाहीत. अशा सैल जाळ्यातून पेशी विकरांशिवाय जातात. टोके शाबूत असलेल्या, नीट बांधल्या गेलेल्या जाळ्यात त्या अडकतात आणि एमटी१-एमएमपीशिवाय त्यांचे चालत नाही.

फ्रीडल यांच्याच गटाने २०१३ मध्ये हा वाद मोजपट्टीने बराचसा मिटवला. पेशीचा बाकीचा भाग कितीही चेपतो, अडते ते केंद्रक. जाळ्याच्या भोकाचा छेद सुमारे ७ वर्ग मायक्रोमीटरपेक्षा लहान झाला, की विकरे रोखलेल्या अर्बुदपेशीचे केंद्रक त्यातून जात नाही आणि ती जागीच थबकते. न्यूट्रोफिलचे केंद्रक खंडित आणि मऊ असल्याने तो सुमारे २ वर्ग मायक्रोमीटरपर्यंत निभावून नेतो. तेव्हा "विकर लागते की नाही" या प्रश्नाला जाळे किती दाट आहे हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

वाटसरू

मतभेद मान्य. "महत्त्व कमी झाले" असे मला म्हणायचे नव्हते, पण माझ्या लेखनाचा तोल तिकडे गेला खरा.

दंतवैद्य_सातारा

जाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. तुमच्या सहा रुग्णांपैकी किती जण सुपारी किंवा गुटखा खाणारे होते, याची नोंद तुमच्याकडे आहे का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडाला तो वास आजही येतो. हा प्रश्न उगाच विचारत नाही, तुमच्या "निरोगी" तुकड्याचा निरोगीपणा त्यावर अवलंबून आहे.

सुपारी चघळणाऱ्यांना तोंडाचा सबम्युकस फायब्रोसिस होतो. रुग्ण प्रथम सांगतो की भाजी तिखट लागते, घरचे तेच खातात पण मलाच झोंबते. पुढे गालाचे आतले अस्तर फिकट पडते आणि बोट फिरवले की आत ताणलेल्या दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात. मग तोंड उघडेनासे होते. समोरच्या दातांमध्ये तीन बोटे जायची तिथे दोन, मग एक. हे सगळे कोलॅजेनचे काम आहे. ते जास्त तयार होते आणि कमी तोडले जाते. सुपारीतल्या अल्कलॉइडांमुळे तंतुपेशींचे कोलॅजेनचे उत्पादन वाढते, टिम्प वाढतात. शिवाय सुपारीत तांबे बरेच असते आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावरच चालते. बांधलेले कोलॅजेन तोडायला आणखी अवघड.

तर मुद्दा असा, की गाठीपासून लांबचा तुकडा फायब्रोसिस झालेल्या गालाचा असेल, तर तो तुमची तुलना बिघडवतो. त्यात एमएमपी-२ चे पूर्वरूप भरपूर असण्यात नवल नाही, कारण ते तंतुपेशी एरवीही सोडत असतातच. ते खुले होत नाही, एवढेच. पॅथॉलॉजी विभागाकडे त्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे असतील तर एकेक काप घेऊन मॅसन ट्रायक्रोम रंगवायला सांगा. कोलॅजेन निळे दिसते, तुम्हाला निळ्याची सवय आहेच. रुग्णांच्या कागदांवर "तोंड उघडण्याचे माप" मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते, तेही टिपून घ्या.

आणि "कोलॅजेन तुटले की कर्करोग पसरतो" हे सूत्र या आजारात अर्धेच लागू पडते. इथे आधी कोलॅजेन साचते आणि त्याच घट्ट झालेल्या गालात पुढे काहींना कर्करोग होतो. लायसिल ऑक्सिडेजबद्दल २००६ मध्ये जॅनिन अर्लर आणि अमाटो जियाचिया यांच्या गटाने दाखवले की प्राणवायू कमी पडलेल्या अर्बुदपेशी हे विकर अधिक सोडतात आणि उंदरांमध्ये ते रोखले की कर्करोगाचा प्रसार कमी होतो. म्हणजे जाळे तोडणारी विकरेही पसरायला मदत करतात आणि जाळे घट्ट बांधणारेही! तुमच्या तुकड्यांचा अर्क शिल्लक असेल तर हे एक विकर जरूर पाहा, आपल्याकडच्या रुग्णांमध्ये ते पाहण्याला विशेष अर्थ आहे.

कोलॅजेन_काका

दंतवैद्यांच्या सूचनेत एक भर. गोठवलेले तुकडे उरले असतील तर त्यांचे पातळ काप घेऊन त्यांच्यावरच झायमोग्राफी करता येते. चमक दाबून ठेवलेले जिलेटिन कापावर पसरायचे. ते जिथे तुटेल तिथे हिरवे चमकते. यात एसडीएस नाही, त्यामुळे दोन्ही कुलपे जशी होती तशी राहतात आणि चमक गाठीत आहे की भोवतालच्या ऊतीत, हेही दिसते. शेजारचा काप फेनॅन्थ्रोलिनसह ठेवायला विसरू नका, कारण जिलेटिन खाणारी इतर विकरेही ऊतीत असतात. फॉर्मेलिनमधल्या तुकड्यांवर हे करू नका.

निळे_जेल

सहापैकी पाच जण सुपारी खाणारे होते आणि तिघांच्या कागदांवर तोंड उघडण्याचे माप २५ मिलिमीटरच्या आत आहे. हे आकडे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होते, मी ते फक्त परिशिष्टात टाकले होते. तीन जोड्यांचे गोठवलेले तुकडे शिल्लक आहेत. गोठवलेल्या तुकड्यांचे काप काढणारे यंत्र, क्रायोस्टॅट, पुढच्या आठवड्यात मिळेल.

तोपर्यंत प्रबंधातले वाक्य असे बदलले आहे : "गाठीच्या अर्कांत एमएमपी-९ चे पूर्वरूप अधिक प्रमाणात आढळले, तर एमएमपी-२ चे रूपांतरित रूप सहापैकी पाच गाठींत आढळले. सुमारे १३० किलोडाल्टनचा पट्टा एमएमपी-९ चा काही भाग न्यूट्रोफिलांकडून आल्याचे दर्शवतो. तुलनेसाठी घेतलेल्या सहापैकी पाच तुकडे सुपारी खाणाऱ्या रुग्णांचे असल्याने ते निरोगी मानलेले नाहीत." मॅडमना उद्या दाखवणार आहे.

कोलॅजेन_काका

"दर्शवतो" च्या जागी "आल्याची शक्यता दर्शवतो" करा. एनगाल काही अर्बुदपेशीही बनवतात, आणि तुम्ही त्याचे ब्लॉट अजून केलेले नाही.